रात्रीचं ताट

अपचनावर कोणी लिहितं का? क्षयावर लिहावं, मोठ्या ऑपरेशनवर लिहावं, मरता मरता वाचला असं काही असेल तर लिहावं. अपचन म्हटलं की लोक हसतात. "काय बाई, काल जरा जास्त झालं वाटतं?" आमच्या शाळेतल्या एकूण एक मास्तरांनी मला हे विचारलं, आणि वर्षभर मी प्रत्येकाला हसून दाखवलं. आतून मला वाटत होतं की मी मरणार, आणि माझी शकू मला नीट ओळखायला लागायच्या आत मरणार.

म्हणून लिहिते आहे. ज्यांचं पोट दुखतं आणि एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नाही, त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी हसलं तरी चालेल, मला सवय आहे.

*

मी प्राथमिक शिक्षिका. एकाहत्तरच्या जूनमध्ये माझी नेमणूक तिसगावला झाली. घर राहुरीला. हे, म्हणजे आमचे यजमान, एका साखर कारखान्यात हजेरी कारकून. शकू तेव्हा अडीच वर्षांची. दिवसभर शाळेत असल्यावर तिला तिसगावात कोण बघणार? आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एका वाक्यात निकाल लावला.

"सरकारी नोकरी हाय, सोडायची न्हाई. पोरीला मी बघते."

हे मान खाली घालून चहा पीत राहिले. मी पण काही बोलले नाही. न बोलण्यात मी तरबेज आहे, वर्गात सोडून.

शनिवारी अर्धी शाळा असायची. शाळा सुटली की तशीच एस.टी. धरायची, नगरला बदलायची, दिवेलागणीला राहुरी. रविवारी दुपारच्या जेवणाआधीच परतीची गाडी. म्हणजे आठवड्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ एवढीच लेक माझी. शकूचं एक न धुतलेलं झबलं मी तिसगावला आणून उशीखाली ठेवलं होतं. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता त्याला. दोनेक महिन्यांनी तो वास गेला आणि माझाच वास यायला लागला. त्या दिवशी मी पहिलीतल्या एका पोराला पाटी फुटली म्हणून उगीच मारलं. तो रडला, मग मी पण फळ्याकडे तोंड करून रडले. पोरांना वाटलं बाई खडूनं शिंकतायत.

*

आता जे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं, ते सांगते.

त्या वर्षी नवरात्रात शाळेतल्या बायांबरोबर मी मोहट्याच्या देवीला गेले आणि नवस बोलले. शकू आणि मी एका घरात राहायला लागू तोवर मी एकभुक्त राहीन. दिवसातून एकदाच जेवीन, दुपारी. रात्रीचं ताट बंद.

आमच्याकडे बायका काही ना काही सोडतातच. कोणी गोड सोडतं, कोणी पायात चप्पल घालत नाही. आणि नवस कोणाला सांगायचा नाही, सांगितला की फुकट गेला, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. मोडला तर ज्याच्यासाठी बोललो त्याच्यावरच उलटतो, हेही तिनंच शिकवलेलं. मी मुलांना विज्ञान शिकवत होते. ग्रहण का लागतं ते चेंडू आणि कंदील घेऊन दाखवत होते. पण लेकराची गोष्ट आली की सगळं शिक्षण चुलीत जातं हो.

तर माझा दिवस असा. पहाटे उठल्याबरोबर मिश्री. लपवायचं काय, बाई असले तरी लावत होते. मग कोरा चहा, दुष्काळात दूध कुठलं. दहाला चहा. मधल्या सुट्टीत भाकरी आणि ठेचा, पण तीही दहा मिनिटांत कोंबायची, कारण दिवसभराचं तेवढंच. आणि पुढे उपास म्हणून एका भाकरीऐवजी अडीच. मग चारला चहा, सहाला चहा, भूक मारायला आठला चहा. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. कोणी सांगितलं असतं की हा घे कागद, माणसाचं पोट बिघडवायचं कसं ते लिही, तर मी याहून बरं लिहू शकले नसते.

*

सुरुवातीला नुसतं जळजळायचं. मग जेवल्यावर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मग आंबट पाणी घशाशी, करपट ढेकर, पहाटे पोटात कळ. बहात्तर उजाडलं तसे रेशनवर अमेरिकेच्या ज्वारीचे लाल मिलो यायला लागले आणि सगळ्या गावाचीच पोटं बिघडली. मला तेवढंच निमित्त पुरलं. "मिलो बाधतात," असं मी म्हणायचे, आणि ऐकणारा मान हलवायचा, कारण त्यालाही बाधत होते.

उपाय सगळे झाले. ओवा झाला, सोडा झाला, हिंग पोटावर चोळून झाला. शेजारच्या म्हातारीनं "बेंबी सरकलीय" म्हणून पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. तांब्या गच्च चिकटला आणि निघेना. म्हातारी खूश, मी बोंबलतेय.

पण खरं दुखणं शनिवारचं होतं. राहुरीच्या घरात पाऊल टाकलं की शकू पळत येऊन गुडघ्यांना मिठी मारायची. आत्याबाई ताटं घ्यायच्या. माझं ताट शकूच्या ताटाला लागून मांडलेलं असायचं. आणि मी म्हणायचे, "मला नको, पोट भरल्यासारखं वाटतंय. येताना खाल्लंय."

शकू म्हणायची, "आई, थोडंसं."

"नको गं सोन्या. तू जेव, मी बघते."

जिच्याबरोबर जेवायला मिळावं म्हणून जेवण सोडलं होतं, तीच समोर बसून "जेव" म्हणत होती. मला रडू फुटायचं आणि मी ओट्यापाशी जाऊन भांडी वाजवायचे. आत्याबाई त्या ताटातली भाकरी परत टोपल्यात टाकायच्या. एकदा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शिकल्या-सवरल्या मानसाला आमच्या हातचं कसं गोड लागंल!" हे म्हणाले, "आई, गप ना." मग रात्रभर हे पण गप. आमच्या घरात भांडण होत नाही, नुसतं गप होतं, आणि ते जास्त वाईट.

*

त्र्याहत्तरच्या होळीच्या आधी वर्गातच चक्कर येऊन पडले. वजन इतकं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. तिसगावच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि "नगरला दाखवा, अल्सर असेल किंवा..." एवढं बोलून चिठ्ठी लिहायला घेतली. त्या "किंवा"नं माझी झोप उडाली. माझ्या मावशीला पोटात गाठ होऊन ती तीन महिन्यांत गेली होती.

हे कारखान्यातून रजा घेऊन आले. एस.टी.त शेजारी बसलो होतो. मी विचारलं, "माझं काही झालं तर शकूला खरं सांगाल ना, की मी तिला टाकून गेले नव्हते?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येड्यासारखं बोलू नको." पण त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली ती नगर येईपर्यंत खाली ठेवली नाही.

दवाखान्यात भरती करून घेतलं. बायकांचा वॉर्ड, वीसेक खाटा. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी, संध्याकाळी साडेपाचला जेवण. एके दिवशी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं. ओकारी येत होती आणि सिस्टर म्हणत होत्या, "गिळा बाई, गिळा, शेवया गिळताय असं समजा." त्या दिवसापासून शेवया माझ्या मनातून उतरल्या त्या उतरल्याच. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं दाट काहीतरी पेलाभर पाजलं आणि फोटो काढले. फोटोचा निकाल दोन दिवसांनी कळणार होता. त्या दोन दिवसांत मी शकूच्या लग्नापर्यंतच्या सगळ्या सूचना मनात लिहून काढल्या.

*

माझ्या शेजारच्या खाटेवर घोडेगावच्या मथुराबाई होत्या. साठीच्या पुढच्या, घरात जनावरांचा व्यापार, बाजाराच्या दिवशी दावणीला चाळीस-पन्नास जनावरं. एका म्हशीनं लाथ घातली आणि उजवा हात मोडला, तो खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं जेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. "डाव्या हातानं खानं म्हंजे अवदसा," म्हणायच्या.

मग मी त्यांना भरवायला लागले. संध्याकाळचं ताट आलं की आधी त्यांचं ताट, मग गुपचूप माझं ताट, दोन्ही मथुराबाईंच्या पोटात. बाईंची भूक दांडगी. सिस्टर लांबून बघायच्या, दोन्ही ताटं रिकामी. वहीत लिहायच्या, "जेवण घेतले." माझं व्रत शाबूत. रात्रीची गोळी जेवणानंतर घ्यायची होती. जेवणच नाही तर गोळी कसली, म्हणून ती उशीखाली.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. तरुण होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वही बघून म्हणाले, "दोन्ही वेळचं जेवण व्यवस्थित, औषध व्यवस्थित, आणि दुखणं तसंच? असं कसं?"

मी उशी सारखी करायला लागले. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"ती कुठं जेवती सायेब? तिचं ताट तर मी खाते."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "मथुराबाई!"

"वरडू नका बाई. चार दिस तुमचं अन्न खाल्लंय, खोटं कशी बोलू?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "सायेब, आमच्याकडं गाय चारा खाईना झाली की आमी तिचे दात नंतर बघतो. आधी इचारतो, हिचं वासरू कुठं बांधलंय."

वॉर्डातल्या दोन-तीन बाया हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि विचारलं, "बाई, मूलबाळ?"

मी तोंडाला पदर लावला आणि दीड वर्षाचं सगळं बाहेर आलं. नवस, एकभुक्त, झबलं, शनिवार, सगळं. वीस खाटा ऐकत होत्या. नवस सांगायचा नसतो, आणि मी तो अख्ख्या वॉर्डाला सांगितला.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या फोटोत काही नाही. अल्सर नाही, गाठ नाही. तुम्हाला अपचन आहे."

खरं सांगते, मला आधी रागच आला. एवढं दुखणं आणि नाव काय तर अपचन! मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. चोवीस तासांत एकदा खाता. ते एकदा पोट फुटेस्तोवर, आणि न चावता. त्यावर ठेचा. रिकाम्या पोटी पाच वेळा चहा. पहाटे तंबाखू. "आणि वरून सारखी काळजी. जठराला कळतं बाई माणसाचं मन. घाबरलेल्या माणसाचं अन्न तसंच पडून राहतं. यातलं एकेक कारण पुरेसं असतं, तुम्ही तर सगळी गोळा केलीत."

"पण नवस मोडला तर माझ्या पोरीवर..."

"देवीला सांगा, डॉक्टरनं मोडायला लावला. काय पाप असेल ते माझ्या डोक्यावर." असं म्हणून त्यांनी खरंच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. तो भला माणूस आज कुठे असेल, सुखी असो.

त्या संध्याकाळी ताट आलं. मऊ भात, वरण. मी घास उचलला आणि ठेवला. डॉक्टरांनी पाप घेतलं होतं, पण शकू माझी होती, डॉक्टरांची नव्हती. मथुराबाईंनी माझ्या ताटाला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बुधवार होता. हे कामावर होते, त्यांना निरोप द्यायला वेळच मिळाला नाही, म्हणून मी एकटीच राहुरीची एस.टी. धरली. पोचायला दिवस मावळला. दार नुसतं लोटलेलं होतं. चुलीवर तवा, आत्याबाई भाकरी थापतायत, त्यांची पाठ माझ्याकडे. शकू पाट मांडत होती.

तिनं आजीचं ताट ठेवलं, वडिलांचं ठेवलं, स्वतःची छोटी ताटली ठेवली. मग चौथं ताट घेतलं आणि स्वतःच्या ताटलीला खेटून ठेवलं. फडक्यानं पुसलं. त्यावर आत्याबाईंनी तव्यावरची अर्धी भाकरी टाकली आणि चमचाभर पिठलं.

मला वाटलं, कोणी पाहुणं येणार असेल. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "हे कोणाचं?"

शकू दचकली, मग नाचायलाच लागली. "आजी, आली! आज खरंच आली!"

आत्याबाईंनी पीठभरल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. "कुनाचं म्हंजे? तुझंच. रोज मांडती. त्याबिगर घास घेत न्हाई कार्टी. दोन वरसं होत आली, रोज आर्धी भाकरी आईची. सकाळी गाईला घालतो."

मिलोची भाकरी होती ती. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेली. त्या वर्षी लोक चतकोर भाकरीला महाग झाले होते, आणि माझ्या या सासूनं, जिला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले होते, माझ्या नावाची अर्धी भाकरी एक दिवस चुकवली नव्हती. मी तिकडे पोरीसाठी ताट सोडून बसले होते, आणि पोरगी इकडे रोज माझं ताट मांडून बसत होती.

मी हातपाय धुतले नाहीत. तशीच बसले. शकूनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला.  तिला वाटत असणार, आई आत्ता म्हणेल, नको गं सोन्या.

मी तोंड उघडलं. आई जगदंबे, काय करायचं ते माझं कर, असं म्हटलं आणि तो घास बत्तीस वेळा चावून खाल्ला. पिठल्याला मीठ जास्त होतं. तेवढं चवीचं मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही.

जेवण झाल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "शकूला मी माझ्याकडे नेऊ का?" दीड वर्ष जे देवीला मागत होते, ते आत्याबाईंना मी एकदाही मागितलं नव्हतं.

आत्याबाई किती तरी वेळ तवा घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके दिस तोंड शिवलं हुतं का? मला वाटलं, तुलाच पोरीची अडचन हुती. शनिवारी येती, पोरीसंगं चार घास खात न्हाई..."  मग तवा आपटून म्हणाल्या, "पानी येऊ दे तिकडं. मंग न्हे."

*

विहिरीला पाणी आलं आणि दिवाळी झाल्यावर शकू तिसगावला आली; पाच वर्षांची होत आली होती, माझ्याच वर्गात बसायला लागली. बदली काही झाली नाही. मी देवीला जाऊन मोडलेल्या नवसाची ओटी भरली आणि सगळं सांगून टाकलं. देवीचं काही म्हणणं दिसलं नाही.

पोट सुधारायला सहा महिने लागले. मिश्री सोडताना जीव गेला. अजून घाईत जेवले किंवा कोणावर चिडून जेवले की दगड बसतो. तुमचं पोट दुखत असेल तर काय खाल्लं ते बघाच, किती वेळानं खाल्लं ते बघा. आणि एवढं करूनही राहिलं, तर मथुराबाईंचा प्रश्न स्वतःला विचारा.

गेल्या महिन्यात ह्यांचं पत्र आलं. लिहिलं होतं, "आईचं पोट बरं नाही. रात्री जेवत नाही, भरल्यासारखं वाटतं म्हणते. ओवा देऊन झाला. शकूची ताटली मात्र रोज मांडते, सांगून ऐकत नाही."

पत्र वाचलं तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मी शकूला घेऊन गेले आणि रविवारी परत येताना आत्याबाईंना बरोबर आणलं. वाटभर कुरकुर चालली होती. तिकडचं पानी बाधंल, मला झोप येनार न्हाई, माझ्या पोराला कोन करून घालंल. पोरानंच सांगून टाकलं होतं, मी खानावळीत जेवीन म्हणून.

तिसगावला पोचलो. संध्याकाळी शकूनं तीन ताटं मांडली आणि आजीचं ताट स्वतःच्या ताटलीला खेटून ठेवलं. आत्याबाई म्हणाल्या, "मला नको. पोट भरल्यागत वाटतंय."

मी तरी भाकरी वाढली. शकूनं घास मोडून आजीच्या तोंडासमोर धरला. त्या रात्री आत्याबाईंनी अडीच भाकऱ्या खाल्ल्या, आणि पिठल्याला मीठ कमी आहे म्हणून मला चार गोष्टी सुनावल्या.